परिग्रह-परिमाण : आरंभ कोठून करावा?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मोहोळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांत आपल्या संस्थेने काय काय उभे केले, याचा आढावा आताच आपण ऐकला. तो ऐकताना मन आनंदाने भरून आले. अशा प्रसंगी वक्त्याने गौरवाचे चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. परंतु विश्वस्तांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले आहे, म्हणून जमविणे कोठे थांबवावे या विषयावर आपणांशी बोलण्याचे धाडस मी करीत आहे.

हा विषय मला सुचविला माझ्या पुतणीने. ती पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते. दिवाळीला गावी आली असता ती मला म्हणाली, "काका, मी मिनिमलिस्ट व्हायचं ठरवलं होतं. तीन पोती कपडे देऊन टाकले. इतकं हलकं वाटलं! पण सहा महिन्यांत कपाट पुन्हा तसंच भरलं. माझं काय चुकलं?"

मिनिमलिझम हा शब्द मी तिच्याच तोंडून प्रथम ऐकला. मोजक्या वस्तूंत जगण्याची ही पद्धत अमेरिका, युरोप, जपान येथील तरुणांत चांगलीच रुजली आहे. जपानच्या मारी कोंडो यांनी घर आवरण्यावर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. ज्या देशांनी भरपूर जमविले, त्याच देशांत हा विचार निघावा हे स्वाभाविकच आहे. परंतु पुतणीचा प्रश्न ऐकून मला वाटले, की या मुलीला उत्तर शोधण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या घरात पाचवे अणुव्रत आहे. आपण ते पाठ केले, एवढेच. मुलांच्या हाती दिले नाही.

आधी रेघ, मग त्याग

उपासकदशांग या श्वेताम्बर आगमात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. हा गृहस्थ विलक्षण धनवान होता. चार कोटी सुवर्ण ठेव्यात, चार कोटी व्यवहारात आणि चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे. पाचशे नांगरांची शेती. भगवान महावीरांचा उपदेश ऐकून त्याने बारा व्रते घेतली. आता आपणांस वाटेल, की त्याने सर्व संपत्ती वाटून टाकली असेल. तसे झाले नाही. जेवढे होते तेवढ्यावर त्याने मर्यादा घातली आणि त्यापलीकडच्या सर्वाचा त्याग केला.

मग एवढ्या श्रीमंताने सोडले तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याने 'आणखी' सोडले. बंधु-भगिनींनो, 'आणखी' सोडणे ही लहान गोष्ट नाही. ज्याच्यापाशी बारा कोटी असतात, त्याची झोप उडते ती तेराव्या कोटीपायी. आणि नित्याच्या वापरात तर आनंदाने फारच बारीक रेघा ओढल्या. अंग पुसण्याचे वस्त्र एका प्रकारचे, दातवण हिरव्या ज्येष्ठमधाचे, असा एकेका वस्तूचा त्याने नेम केला. पुढे चौदा वर्षांनी घराचा भार ज्येष्ठ पुत्रावर सोपवून तो पौषधशाळेत राहावयास गेला. म्हणजे रेघ आधी आली, त्याग मागाहून आला, आणि मधे चौदा वर्षे गेली.

माझ्या पुतणीने हाच क्रम उलटा केला होता. तिने आधी त्याग केला आणि रेघ ओढलीच नाही. तीन पोती बाहेर गेली, परंतु कपाटाचे दार उघडेच राहिले. रिकामी जागा ही इच्छेला निमंत्रण असते. जमिनीत तण उपटून पेरणी केली नाही, तर पुन्हा तणच उगवते, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगावयास नको.

नियम आणि यम

दुसरी अडचण नवख्या माणसाच्या उत्साहाची. आजपासून जन्मभर असे म्हणून तो संकल्प करतो आणि पंधराव्या दिवशी मोडतो. मग त्याला स्वतःचीच लाज वाटते, आणि हे आपल्याला जमणारे नाही असे म्हणून तो सर्वच सोडून देतो.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या अडचणीचा विचार करून ठेवला आहे. भोगोपभोग-परिमाण व्रताचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. काळाची मर्यादा घालून केलेला तो नियम, आणि यावज्जीव घेतलेला तो यम. नियमासाठी मुदतीही सांगितल्या आहेत : आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. कशाचा नियम करावा, हेही सांगितले आहे : भोजन, वाहन, शय्या, स्नान, तांबूल, वस्त्र, अलंकार, संगीत इत्यादी. नवख्याला याहून दयाळू वाट कोणी दाखविली असेल, असे मला वाटत नाही. 'हा महिना नवे वस्त्र नाही' एवढेच म्हणावयाचे. महिना संपला की व्रत पूर्ण झाले. मोडले नाही, पूर्ण झाले! त्या आनंदातून पुढच्या महिन्याचे बळ मिळते.

याच ग्रंथात परिग्रह-परिमाणाला इच्छा-परिमाण असेही नाव दिले आहे आणि त्याचे पाच अतिचार सांगितले आहेत : अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवाहन. आपल्यापैकी ज्यांचा भुसार मालाचा व्यापार आहे, त्यांनी यांतील 'विस्मय' या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. आपण माल विकला, नफाही मिळाला. चार दिवसांनी भाव चढला आणि शेजारच्या दुकानदाराला अधिक मिळाले. त्या रात्री आपल्याला जे वाटते, ते म्हणजे विस्मय. घरात एकही वस्तू वाढलेली नसते, तरी व्रताला डाग लागतो.

माझ्या घरातील हंडा

उमास्वामी आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. मूर्च्छा, म्हणजे 'हे माझे' अशी मनाची गुंतवणूक, हाच परिग्रह असे ते सांगतात. याचा अर्थ मला ग्रंथ वाचून कळला नाही. तो कसा कळला, हे आज आपणांसमोर सांगण्यास मला संकोच वाटतो, तरीही सांगतो.

आमच्या मातुःश्री निवर्तल्यानंतर आम्ही दोघा भावांनी जुन्या घरातील कोठीची खोली उघडली. फळ्यांवर स्टीलचे डबे, पितळी पातेली, परातींच्या चळती. कित्येक भांड्यांवर आहेर देणाऱ्यांची नावे व तारखा कोरलेल्या. नावे होती, परंतु त्यांतील बहुतेक माणसे राहिली नव्हती. काही भांडी कागदाच्या वेष्टनातून कधी बाहेरच आली नव्हती. आई नेहमी म्हणे, "असू दे, लागेल कधीतरी." तिने दुष्काळाचे दिवस पाहिले होते. तिच्या 'लागेल' या शब्दामागे भीती होती, लोभ नव्हता. त्यामुळे तिला मी दोष देणार नाही.

दोष माझा आहे. त्या खोलीत आजोबांच्या काळातील एक तांब्याचा हंडा होता. तो मला हवा होता. धाकट्या भावालाही हवा होता. मी वडीलकीचा अधिकार वापरला आणि हंडा सोलापूरला माझ्या सदनिकेत आणला. तेथे तो ठेवण्यास जागा नव्हती. चिंच लावून घासण्यास कोणाला सवड नव्हती. तो माळ्यावर गेला. भावाने माझ्याशी बोलणे सोडले ते दोन वर्षे. लग्नकार्यात समोर आलो तरी तो दुसरीकडे पाही. हंडा माळ्यावर काळा पडत होता आणि मी दर वर्षी दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्य धर्मावरील प्रवचने ऐकून येत होतो.

तिसऱ्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी सौभाग्यवतीने मला सरळ विचारले, "सगळ्या गावाला 'क्षमा करा' म्हणून फोन करता. एक फोन राहतो तो कोणता?" त्याच दिवशी मी हंडा गाडीत घातला आणि मोहोळला भावाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने हंड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. डोळे पुसत तो म्हणाला, "दादा, अरे माझ्याकडे तरी ठेवायला जागा कुठं आहे?"

पुढे आम्ही दोघांनी मिळून तो हंडा मंदिराच्या चौक्यासाठी दिला. मुनिसंघ विहार करीत येतो, त्या वेळी प्रासुक पाणी तापविण्यास तो उपयोगी पडतो. आजोबांचा हंडा पुन्हा चुलीवर चढला. दोन वर्षे मी त्याचा मालक होतो, तेव्हा तो कोणाच्याच कामाचा नव्हता. माझ्या घरातील इतर शंभर वस्तूंनी माझे काही बिघडविले नाही. या एका वस्तूने माझा सख्खा भाऊ माझ्यापासून तोडला होता. म्हणून म्हणतो, परिग्रह मोजताना वस्तूंची संख्या मोजावी हे खरे, परंतु ज्या वस्तूचे नाव काढताच आवाज चढतो, ती आधी मोजावी.

सोलापूरचे एक उदाहरण

आपणांपैकी कोणी म्हणेल, की आनंद श्रावक भगवंतांच्या काळातला. आज असे कोण करतो? त्यांच्यासाठी सोलापूरचे उदाहरण आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे नाव जीवराज जैन ग्रंथमालेमुळे आपणांस परिचित आहे. परंतु त्यांच्या त्यागाचा क्रम पाहण्यासारखा आहे.

संसारातून मन काढून ते काही वर्षे धर्मकार्यात रमले होते. १९४० मध्ये त्यांच्या मनात आले, की आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा विनियोग धर्म व समाज यांच्या उन्नतीसाठी करावा. त्यांनी लगेच धनादेश फाडला नाही. देशभर फिरून विद्वानांना भेटले, त्यांची मते घेतली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ तीर्थक्षेत्री विद्वानांची सभा बोलावली. त्या विचारविनिमयातून जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना झाली आणि ब्रह्मचारीजींनी तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, सुमारे दोन लाखांची आपली संपूर्ण संपत्ती त्यांनी विश्वस्त-रूपाने संघाला अर्पण केली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण साधले.

आधी विचार, मग विचारपूस, मग एक भाग, शेवटी सर्वस्व. कोठेही घाई नाही आणि कोठेही थांबणे नाही. त्या दानातून काय झाले? यतिवृषभ आचार्यांचा तिलोयपण्णत्ति हा प्राचीन प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून प्रकाशित झाला. त्याचा पहिला भाग १९४३ चा. एका माणसाने स्वतःपुरते कमी केले, म्हणून सर्वांच्या वाट्याला ज्ञान अधिक आले. सोलापुरातील फलटण गल्लीतल्या ज्या वास्तूच्या पत्त्यावर ही ग्रंथमाला निघत राहिली, तिचे नाव 'संतोष भवन' आहे. आणखी काय सांगावे!

नवख्या श्रावकासाठी

आता पुतणीला मी जे सांगितले, तेच आपणांस थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, काहीही देऊन टाकण्याआधी मोजावे. दहा बाह्य परिग्रहांची यादी आपल्याला पाठ आहे : क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य, भांड. कुप्यात वस्त्रे आली, भांड्यांत भांडी आली. आजच्या घरातील मोबाइल, तारा, चार्जर, जुने दूरचित्रवाणी संच यांनाही यांतच कोठेतरी बसवावे. एका रविवारी एकच कपाट उघडावे आणि वहीत आकडा लिहावा. माझ्या स्वतःच्या सदऱ्यांची संख्या एकेचाळीस निघाली. नेहमी अंगात असत ते सात.

दुसरी गोष्ट, एकाच जातीच्या वस्तूवर आकडा आणि मुदत घालावी. 'पुढील महावीर जयंतीपर्यंत बारा सदरे' असे स्पष्ट म्हणावे. 'कमी वापरीन' हे व्रत नव्हे. त्याला मोडताही येत नाही आणि पाळताही येत नाही.

तिसरी गोष्ट, मर्यादेबाहेरचे जे उरेल ते योग्य हाती जावे. फाटका, विटलेला कपडा दुसऱ्याला देणे म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात टाकणे होय. धुऊन, गुंडी लावून, इस्त्री करून द्यावा. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत घेणाऱ्याचा मान राखणे गृहीत आहे.

चौथी गोष्ट, मर्यादा स्वतःच्या वस्तूंवर घालावी. आपण अपरिग्रही व्हावे म्हणून पत्नीच्या पातळांना किंवा नातवाच्या खेळण्यांना हात लावू नये. दुसऱ्याच्या वस्तूंचा त्याग फार सोपा असतो.

पाचवी गोष्ट, नियम मोडला तर लपवू नये. प्रतिक्रमणाची सोय त्यासाठीच आहे. वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

येथे एक सावधगिरीचा शब्द. ज्यांच्यापाशी मुळातच थोडे आहे, त्यांना हा उपदेश करण्याचा आपणांस अधिकार नाही. शेतकऱ्याने ठेवलेले बियाणे, मोलकरणीने मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेले चार पैसे, यांना संग्रह म्हणून हिणवू नये. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीला आलेला महापूर आपण पाहिला. लांबोटीजवळ महामार्ग बंद पडला, तालुक्यातील कित्येक घरांत पाणी शिरले. ज्यांची धान्याची पोती, अंथरुणे, वह्या-पुस्तके वाहून गेली, त्यांनी वस्तू सोडल्या नव्हत्या. वस्तूंनी त्यांना सोडले. अशा वेळी आपले काम अपरिग्रह सांगण्याचे नसते. आपल्या माळ्यावर पडून असलेली सतरंजी आणि पातेले त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे असते.

संस्थेसाठी एक विनंती

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. पूर्वी गावोगावी समाजाची भांडी असत. कार्य निघाले की ती न्यावयाची, घासून, मोजून परत करावयाची. त्यामुळे शंभर पानांची पंगत उठविण्यासाठी प्रत्येक घरी शंभर ताटे लागत नसत. आज प्रत्येक घराने स्वतःचा संच केला आणि तो माळ्यावर ठेवला. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात संस्थेने समाजाच्या सामायिक भांड्यांचा, रुग्णांसाठी खाट, चाकांची खुर्ची, कुबड्या अशा साहित्याचा आणि शालेय पुस्तकांचा संग्रह उभारावा. जे एकाच्या घरी परिग्रह असते, ते सर्वांच्या उपयोगी पडले की सेवा होते. आणि आजच्यासारख्या समारंभात शाली, श्रीफळे व सन्मानचिन्हे यांचे परिमाणही संस्थेने स्वतःच ठरवावे. माझ्यापासून आरंभ करावा. माझ्या घरी चौदा शाली आहेत.

बंधु-भगिनींनो, आपले मोहोळ ज्वारीचे गाव आहे. महाराष्ट्राच्या ताटात ज्या मालदांडीची भाकरी येते, तिचे ३५-१ हे प्रसिद्ध वाण येथील संशोधन केंद्रातच १९३० च्या दशकात निवडून काढले गेले. पाऊस सरल्यावर ती पेरली जाते. वरून फारसे पाणी मिळणार नसते. काळ्या मातीने जेवढी ओल धरून ठेवली, तेवढ्यावर ती वाढते, निसवते आणि टपोरे कणीस देते. आपल्या वाट्याची ओल किती, हे जाणून जगणे म्हणजेच परिमाण. या मातीतल्या माणसाला ते अवघड जाऊ नये.

आज घरी गेल्यावर एक कपाट उघडा, एक आकडा लिहा आणि एका महिन्याचा एक नियम घ्या. माझ्या पुतणीने दिवाळीत तो घेतला आहे. मध्यंतरी तिचा फोन आला होता. "काका, महिना पूर्ण झाला," एवढेच ती म्हणाली, आणि थोडे थांबून, "दुसरा सुरू केलाय."

 

जय जिनेंद्र!